जुनी डिझेल गाडी ऑनलाइन लिलावात घालण्याआधी

२०२५ च्या चवथीला आठवडा उरला असताना पेडण्याहून मावशीचा फोन आला. काकांची २०१३ ची डिझेल रिट्झ तिने मोबाईलवरूनच लिलावात घातली होती. "अरे, एक लाख दहा हजारांवर थांबली बघ. लिलाववाले म्हणतात अर्ध्या तासात काय ते सांगा, नाही तर हीही बोली जाईल. देऊन टाकू?" मी म्हटलं, "काही सांगू नकोस. फोन ठेव, माटोळीचं बघ. मी रविवारी येतो."

२०१६ ते २०२२ मी अशाच लिलावांसाठी गाड्या तपासत होतो. टॅब, स्कॅनर आणि रंगाची जाडी मोजायचं यंत्र पाठीवर घेऊन केरीपासून काणकोणपर्यंत गोवा पालथा घातला. आता सांखळीत माझं स्वतःचं गॅरेज आहे. जुनं डिझेल विकणारी माणसं आठवड्याला दोन-तीन तरी येतात, आणि बहुतेक जण लिलाव उरकून, पैसे कमी आले म्हणून विचारायला येतात. तेव्हा माझ्या हातात काही नसतं. जे करायचं ते आधी करायचं असतं, म्हणून हे लिहितोय.

बोली लावणारा काय बघतो

बोली लावणारा तुमची गाडी बघत नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. तो डीलर असतो. म्हापशात, मडगावात, बेळगावात किंवा कोल्हापुरात आपल्या दुकानात बसलेला. त्याच्यासमोर तीस-चाळीस फोटो, इंजिनाच्या आवाजाचा एक व्हिडिओ आणि तपासनिसाने भरलेला रिपोर्ट. दिवसाला तो अशा कितीतरी गाड्या बघतो. ही गाडी माझ्या गावात कितीला जाईल हा आकडा तो आधी धरतो, मग त्यातून वजा करत जातो: दुरुस्ती, गाडी नेण्याचा खर्च, आरटीओ, स्वतःचा नफा आणि नफ्यावरची जीएसटी. (जुन्या गाड्यांच्या व्यापारात डीलरला खरेदी-विक्रीतल्या फरकावर जीएसटी भरावी लागते. डिसेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेत ती सगळ्याच जुन्या गाड्यांना सरसकट १८ टक्के झाली. तुम्ही स्वतःची घरची गाडी विकताना तुम्हाला ती लागत नाही, त्यामुळे कोणी तुमच्याकडून जीएसटी कापतो म्हणाला तर देऊ नका.)

सगळ्यात शेवटी तो संशय वजा करतो. रिपोर्टात जिथे 'तपासता आलं नाही' असं लिहिलेलं असतं, तिथे तो सगळ्यात वाईट शक्यता धरतो. जुन्या डिझेलमध्ये सगळ्यात वाईट शक्यता म्हणजे इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग), टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा) किंवा अख्खं इंजिन, आणि ती किंमत गाडीच्या निम्म्यावरही जाते. पेट्रोल गाडीत तेवढी भीती नसते. आमच्या हाती खरं काम एवढंच: रिपोर्टातला संशय कमी करणं.

डिझेलचा भाव का पडला आणि कुणाचा नाही पडला

मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर होतं आणि डिझेल ४१ च्या आत. त्या फरकावर देशभर डिझेल गाड्या खपल्या. आमच्या गोव्यात त्याच वर्षी मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढून टाकला आणि पेट्रोल लिटरमागे ११ रुपयांनी उतरलं, तरी लोकांनी डिझेलच घेतलं. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले. आज गोव्यात दोन्हींतला फरक दहा रुपयांच्या आत आहे. सांखळीहून पणजीला रोज जाऊन येणाऱ्यालासुद्धा तो फरक जुन्या डिझेलच्या देखभालीत पुरत नाही.

त्यात दिल्लीची भर. राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरची डिझेल गाडी चालवू नये, हा हरित लवादाचा २०१५ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवला. तिथल्या गाड्या एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, घेऊन इतर राज्यांत उतरल्या आणि सगळीकडचा भाव खाली ओढला. हा नियम गोव्याला लागू नाही. इथे खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, आणि गाडी पास झाली तर पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. तरीही माझ्याकडे येणाऱ्या दहांतले चार जण 'दहा वर्षांनी डिझेल बंद' असं ठामपणे सांगतात आणि त्याच घाईत गाडी फुंकून टाकतात. कुणी डीलर हे कारण सांगून किंमत पाडत असेल तर त्याला गोव्याचा नियम विचारा.

पण सगळ्या डिझेलचं एक नाही. १ एप्रिल २०२० ला बीएस-६, म्हणजे धुराचे कडक निकष, आले आणि मारुतीने डिझेल बनवणंच सोडलं. ज्याला रोज दीड-दोनशे किलोमीटर फिरायचंय आणि लहान गाडीच हवी, त्याला जुन्या स्विफ्ट, डिझायर, रिट्झकडेच यावं लागतं. त्यांचं १.३ चं इंजिन मूळ फियाटचं. त्याचे सुटे भाग डिचोलीत मिळतात, वाळपईतही मिळतात, आणि ते न उघडलेला मेकॅनिक शोधून सापडणार नाही. त्या गाड्यांच्या भावाला अजून तळ आहे. इनोव्हा, बोलेरो, स्कॉर्पिओ तर वेगळीच जात. त्यांना बाहेरचे डीलर बोली लावतात आणि घाट चढवून नेतात. मार बसला तो शेवरोले, फियाट, फोर्डच्या गाड्यांना. कंपन्यांनी इथला कारभार आवरला. गाडी ठणठणीत असली तरी डीलर म्हणतो, उद्या एक भाग अडला तर गाडी माझ्या गळ्यात. अशी गाडी असेल तर लिलावावर फार विसंबू नका. त्याच मॉडेलचे चाहते असतात, त्यांच्यातला एखादा शोधून थेट विकलेली बरी.

तपासणीच्या आधीचे चार दिवस

रविवारी मावशीकडे गेलो आणि आधी रिपोर्ट उघडला. लिहिलं होतं: 'खालच्या बाजूला मोठ्या प्रमाणात गंज. कोल्ड स्टार्ट तपासता आला नाही. आत ओलाव्याचा वास. स्टार्टिंगला त्रास.' गाडी रॅम्पवर चढवून बघितली तर गंज होता तो पुढच्या डाव्या बाजूला, हाताच्या पंज्याएवढा. बाकी सगळी लाल माती. आमची माती गाडीच्या पोटाला चिकटून सुकली की फोटोत हुबेहूब गंजासारखी दिसते. सत्तरी, डिचोली, उसगाव या भागातल्या गाड्यांचे असे किती रिपोर्ट मी बघितलेत. तपासनिसाला दिवसाला चार-पाच गाड्या उरकायच्या असतात. तो खरवडून बघत नाही, फोटो काढतो आणि खूण करतो. मीही त्या घाईत काही गाड्यांवर अन्याय केला असणार, आज त्याचं वाईट वाटतं.

तेव्हा तपासणीच्या दोन दिवस आधी गाडी रॅम्पवर चढवून पोट प्रेशरने धुऊन घ्या आणि सुकू द्या. मोरजी, कोलवा, बायणा अशा दर्याजवळ राहात असाल तर खरा गंजही असणार. तो लपवायला काळा रंग मारू नका. ताजा काळा थर दिसला की डीलर खाली भोक आहे असंच समजतो. गंज आहे तेवढा उघडा दिसू द्या. चासी नंबर मात्र साफ करून वाचता येईल असा ठेवा. तो नीट दिसला नाही तर आरटीओत गाडी अडते, आणि अडणारी गाडी कुणी घेत नाही.

ओलाव्याचा वास हे पावसात उभ्या राहिलेल्या गाडीचं आमचं नेहमीचं दुखणं. मॅट काढा, खालचा गालिचा उचला, दोन दिवस चारही दारं उघडी टाकून ऊन दाखवा. सीटबेल्ट पुरता बाहेर ओढून बुरशी पुसा. तपासनीस बेल्ट शेवटपर्यंत ओढतो तो पुरात बुडालेली गाडी ओळखण्यासाठी. तिथे डाग दिसला की साध्या बुरशीची गाडी 'पाण्यातली गाडी' होते, आणि मग पन्नास हजार कुठे गेले ते कळत नाही. अत्तराची बाटली लटकवू नका, वास दाबलाय असा अर्थ निघतो.

आता इंजिन. डिझेलला सुरू व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त दाब लागतो, म्हणून बॅटरी अर्धी मेली असली तरी स्टार्टर कण्हतो आणि रिपोर्टात 'स्टार्टिंगला त्रास' येतं. मावशीची गाडी काका गेल्यापासून पाच महिने उभीच होती. बॅटरी बदलली, त्रास संपला. सगळ्या खर्चात हा खर्च सगळ्यात जास्त परत देतो.

तपासनीस यायच्या आधी गाडी चालवून गरम करू नका. लोकांना वाटतं गरम गाडी सुरेख चालून दाखवेल. पण गरम इंजिन हाताला लागलं की आम्हाला 'कोल्ड स्टार्ट तपासता आला नाही' असंच लिहावं लागायचं, आणि डीलर ते 'सकाळी धूर मारते' असं वाचतो. गाडी रात्रभर थंड असू दे, तपासनिसासमोर चावी फिरवा. पहिल्या क्षणाला थोडा धूर चालतो. काळा धूर सतत आला तर इंजेक्टर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा भाग) किंवा टर्बोकडे बघायचं. निळा म्हणजे ऑइल जळतंय. गाडी गरम झाल्यावरही पांढरा दाट धूर थांबत नसेल तर कूलंट कमी होतंय का बघा. मग तपासनीस ऑइल भरायचं झाकण सैल करून उलटं ठेवील. झाकण थरथरून उडू लागलं किंवा तिथून धूर भसाभसा आला तर इंजिन थकलंय. हे घरी आधी स्वतः करून बघा, म्हणजे तुम्हाला आपलं खरं ठाऊक असेल. थकलेल्या इंजिनात जाड ऑइल ओतून आवाज दाबायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पुढे ती गाडी कुणाच्या तरी घरात जाणार आहे.

इंजिनाचा दिवा लागत असेल तर कारण दुरुस्त करा. आदल्या रात्री स्कॅनर लावून नुसता बिघाडाचा कोड पुसला तर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या अपूर्ण दिसतात, आणि नुकतंच काहीतरी पुसलंय हे कळतं. रंगाचंही तसंच. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, पुन्हा मारलेला दोनशेच्या वर, पुट्टी असेल तर आकडा कित्येक पट उडी घेतो. दाराला ओरखडा असेल तर राहू द्या. ओरखड्याचे दोन हजार कापले जातात, रंगवलेल्या दारामागे अपघात शोधला जातो.

तपासणी पावसात करू देऊ नका. ओल्या पत्र्यावर डाग-ओरखडे दिसत नाहीत, मग डीलर ते कल्पनेने भरतो. शेड नसेल तर देवळाच्या किंवा शाळेच्या मोकळ्या मंडपात गाडी उभी करायची परवानगी मागा. आम्ही मावशीच्या गाडीसाठी तेच केलं.

कागद

कर्ज फिटलेलं असतं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच. हे इतक्या वेळा बघितलंय की सांगता सोय नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो बोजा आधी उतरवा. बँकेच्या एनओसीला मुदत असते, जुनी असेल तर नवी मागा. परिवाहन या सरकारी संकेतस्थळावर चलनं बघून भरा. दुसरी चावी शोधा. सर्व्हिसची बिलं, गॅरेजची हातची असली तरी, तारखेने लावून ठेवा. आणि गाडीच्या नोंदीला तुमचा चालू मोबाईल नंबर जोडलेला आहे ना, ते बघा, कारण नाव बदलताना ओटीपी त्यावर येतो. मालक हयात नसेल, तर आधी वारसाच्या नावावर गाडी करून घ्यावी लागते. मावशीच्या बाबतीत ते काम तिने तोवर उरकलेलं होतं, नाही तर तीन महिने तिथेच गेले असते.

२०१०-११ ची गाडी असेल तर आरसीची मुदत बघा. मुदत संपायला काही महिने उरले की बोली धाडकन पडते. नूतनीकरणाचा अर्ज, फॉर्म २५, मुदत संपण्याआधी ६० दिवसांत करता येतो. एप्रिल २०२२ पासून कारची फी ५,००० रुपये आहे, आणि वीस वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. गाडी धड असेल तर आधी नूतनीकरण, मग लिलाव. पाच वर्षांची मुदत दिसली की घेणारा बदलतो. गाडी धड नसेल तर नोंदणीकृत भंगार केंद्रात किती मिळतात तेही विचारून ठेवा. २०२१ च्या भंगार धोरणाप्रमाणे नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के, आणि वर ठेव प्रमाणपत्र मिळतं, जे नवी गाडी घेताना करसवलतीला चालतं. लिलावातली बोली त्याच्या आसपास घुटमळत असेल तर भंगारच प्रामाणिक.

कधी घालायची

मावशीचं पहिलं दुर्दैव वेळेचं. १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी जीएसटी कमी करणार म्हणून सांगितलं आणि नव्या गाड्या किती उतरतील ते कुणालाच कळेना. डीलर हात आखडून बसले. २२ सप्टेंबरला लहान गाड्यांची जीएसटी १८ टक्क्यांवर आली आणि जुन्यांचे भावही त्यामागून खाली बसले, पण निदान बसले. आकडा ठरला की व्यापारी परत विकत घेऊ लागतो. त्याआधी त्याच वर्षी १ जुलैला दिल्लीत जुन्या गाड्यांना पंपावर इंधन बंद केलं आणि थोड्याच दिवसांत ते थांबवलं, तेव्हाही माझ्या ओळखीच्या डीलरांनी आठवडाभर डिझेलकडे बघितलं नाही. म्हणून मोठी बातमी आली की पंधरा-वीस दिवस थांबा. म्हाळात, म्हणजे पितृपक्षात, बोली थंड असते, दसरा-दिवाळीच्या आधी गरम. डिसेंबर संपायच्या आत विका, कारण १ जानेवारीला गाडी कागदावर एक वर्षाने म्हातारी होते.

बोली चालू असताना

लिलावाआधी स्वतःचा एक तळ, म्हणजे कमीत कमी किंमत, ठरवा आणि तो कागदावर लिहा. तोच मेक, तेच वर्ष, तेवढेच किलोमीटर अशा गाड्या विकायला ठेवलेल्या असतात, त्यांच्या मागितलेल्या किमती बघा. पण मागितलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत नव्हे, आणि तुमच्या हातात येणारी तर नव्हेच. मधे डीलरचं पोट आहे. दोन ओळखीच्या गॅरेजवाल्यांना विचारून मग आकडा धरा.

बोली संपली की फोन येतो. 'आत्ताच सांगा' म्हणणारा माणूस दिवसाला असे वीस फोन करत असतो. त्याच्यावर चिडू नका, पण घाईही करू नका. नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. फक्त एक ध्यानात ठेवा: तीच गाडी तोच रिपोर्ट घेऊन आठवड्यात तीनदा लिलावात आली तर डीलर ओळखतात, आणि दर वेळी कमी लावतात. परत घालायची तर नवी तपासणी, नवे फोटो आणि मधे महिनाभर जाऊ द्या. मावशीची रिट्झ ऑक्टोबरमध्ये, दिवाळीला आठवडा असताना पुन्हा घातली. बॅटरी, धुलाई, एक टायर मिळून अकरा हजार खर्च झाला. बोली १,५८,००० वर थांबली आणि घेणारा निघाला म्हापशाचाच.

गाडी देताना

नेणारा माणूस येतो तेव्हा पुन्हा एक तपासणी होते, आणि तिथे 'हे रिपोर्टात नव्हतं' म्हणून पाच-दहा हजार कापायचा प्रयत्न होऊ शकतो. पहिल्या तपासणीच्या दिवशी गाडीभोवती फिरून आपल्या मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा. दाखवला की बोलणं थांबतं. पूर्ण पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय चावी नाही. कोऱ्या फॉर्मवर सही नाही.

हे शेवटचं मी स्वतः शिकलोय. २०१७ मध्ये मी माझी इंडिका व्हिस्टा एका डीलरला दिली, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, घेणाऱ्याचं नाव कोरं. वर्षभराने कारवार बाजूची चलनं माझ्या नावावर येऊ लागली, मग एका पोलीस ठाण्यातून फोन. गाडीने कुणाला तरी धक्का दिला होता. माणूस वाचला, पण ते दोन महिने मला झोप नव्हती. माझ्याकडे गाडी दिल्याची साधी पावतीही नव्हती. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलं की गाडी पुढे कितीही हात फिरली तरी नोंदीवर ज्याचं नाव, कायद्याने तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईला तोच जबाबदार.

आता निदान वाट आहे. एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांप्रमाणे अधिकृत डीलरला गाडी दिली की फॉर्म २९-सी ऑनलाइन भरला जातो आणि तिथून जबाबदारी त्याच्यावर जाते. आपला डीलर अधिकृत आहे का विचारा आणि त्या फॉर्मची प्रत घ्या. नसेल, तर घेणाऱ्याचं नाव, आधार, तारीख आणि वेळ, मिनिटासकट, घातलेली पावती घ्या, आणि विक्रीची खबर राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला स्वतः द्या. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र मागून घ्या. तो बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो, आणि तीन वर्षांत नव्या गाडीला लावता येतो.

मावशीच्या फोनमध्ये मी परिवाहनचं पान लावून दिलं आणि दर सोमवारी गाडीचा नंबर घालून बघायला सांगितलं. चौथ्या सोमवारी तिचा फोन आला. "अरे, नाव बदललं. काकांच्या गाडीवर आता दुसऱ्याचं नाव दिसतंय." थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग मी म्हटलं, "आता बँकेत जाऊन फास्टॅग बंद करून ये."